नसलेल्या गाळाचा नकाशा

मी सरकारी ऑफिसात अनुरेखक होते. अनुरेखक म्हणजे दुसऱ्यानं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो शाईनं गिरवणारा माणूस. रेष बरोबर असो की चूक, ती एकसारख्या जाडीची आली पाहिजे, एवढीच आमच्याकडून अपेक्षा. ती तिथे का आहे, हे विचारणाऱ्यांची पगारश्रेणी वेगळी होती.

ऑफिस पालघरला होतं. खातं कुठलं ते सांगत नाही. डोंगराच्या बाजूला लहान लहान मातीची धरणं बांधायची, आणि एकदा बांधून फोटो काढून झाले की तिकडे परत फिरकायचं नाही, एवढं काम आमचं खातं मन लावून करायचं. मी मूळची सातपाटीची, कोळ्याच्या घरातली. आईला माझ्या नोकरीचा अभिमान होता, पण नोकरीत मी नेमकं काय करते हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. एकानं काढलेलं दुसऱ्यानं परत काढायचं, त्यात विकायला काय राहतं, असा तिचा प्रश्न होता. तिच्या धंद्यात माल डोळ्यांना दिसायचा आणि शिळा झाला तर सगळ्या आळीला कळायचं.

मी सांगते ती गोष्ट ऐंशीचं दशक संपता संपताची. आपल्या देशाचा उपग्रह वर फिरू लागला होता आणि त्याच्याकडून काय काय करून घेता येईल याच्या बैठका खाली सुरू झाल्या होत्या. अशाच कुठल्या तरी बैठकीतून आमच्याकडे आदेश आला, की लहान जलाशयांमध्ये किती गाळ साचला आहे ते उपग्रहाच्या चित्रांवरून मोजायचं. प्रयोगासाठी धरणही वरूनच निवडून आलं होतं. बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या कुशीत, सत्तरच्या दशकात बांधलेलं एक लहानसं धरण. आदेश वाचून आमच्या साहेबांनी चहा अर्धा ठेवला. साहेब म्हणजे उपअभियंता. खिशाला पेनांची रांग आणि कुठल्याही प्रश्नाला "बघू" हे उत्तर. इतकी धरणं असताना हेच का निवडलं, असं त्यांनी त्या दिवशी भेटेल त्याला विचारलं. कोणाला ठाऊक नव्हतं. चित्रात ते छान गोल दिसत असावं.

काही दिवसांनी ती चित्रं घेऊन शहरातल्या एका संस्थेतून एक शास्त्रज्ञ आले. तिशीतले, सडपातळ, बोलताना समोरच्याला खरोखर समजावं असं मनापासून वाटणारे. आमच्या ऑफिसात हा गुण कोणी पाहिला नव्हता, त्यामुळे सगळे त्यांच्याकडे संशयानं बघू लागले. त्यांचं नाव कोणी घेतलंच नाही. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे पाठीमागे त्यांना 'उपग्रह' म्हणायचे. उपग्रह जेवला का, उपग्रहाला विश्रामगृहाची खोली उघडून दे, असं चालायचं. उपग्रह शाकाहारी निघाला तेव्हा तर त्याच्या चित्रांवरचा विश्वासही कमी झाला.

त्यांनी माझ्या टेबलावर पहिलं चित्र पसरलं तेव्हा सगळं ऑफिस भोवती जमलं. डोंगर लालभडक, समुद्र काळा, गावं निळसर राखाडी. साहेबांनी विचारलं की जंगल लाल कसं. शास्त्रज्ञांनी सांगितलं की हे रंग खरे नसतात; झाडं ओळखू यावीत म्हणून ती मुद्दाम लाल दाखवतात. खोटे रंग आहेत म्हटल्यावर साहेब जरा सैल झाले. खोट्या रंगांशी त्यांची ओळख जुनी होती. मी मात्र वाकून वाकून बघत होते. वैतरणेची खाडी सापडली, तिच्या कडेनं खारफुटीची लाल किनार सापडली, आणि किनाऱ्याला सातपाटीचा एवढासा राखाडी डाग. त्या डागात आमचं घर, आईची बोंबील वाळवायची वलांडी आणि गावातली झाडून सगळी भांडणं होती, आणि वरून ती सगळी एका रंगाची दिसत होती.

मोजायची पद्धत त्यांनी मला कढईवरून समजावली. कढईला आतून खरपुडी धरली, तर ठराविक खुणेपर्यंत पाणी भरलं तरी वर दिसणारा पाण्याचा गोल लहान होतो. धरणाचंही तसंच. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत पाणी उतरत जातं. उपग्रह ठरलेल्या दिवशी वरून जातो आणि त्या दिवशीचा गोल टिपतो. त्या दिवशी पाणी किती उंचीवर होतं ते धरणावरच्या पट्टीवरून वाचायचं. मग हे गोल मोजायचे आणि धरण बांधलं तेव्हाच्या तक्त्यातल्या गोलांशी ताडून बघायचे. जेवढा फरक, तेवढा गाळ.

"म्हणजे उपग्रहाला गाळ दिसत नाही?" साहेबांनी विचारलं.

"नाही. त्याला पाण्याची कड दिसते. गाळ आपण वजाबाकीनं काढतो."

"वजाबाकीनं," साहेब म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी तोंडात थोडा वेळ घोळवला.

घरी मी हे आईला सांगितलं. ती बोंबील वलांडीवर टाकत होती. पाण्याखालचं वरून दिसतं का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही, फक्त कड दिसते.

"मंग मासं कुठं हायत ते सांगनार नाय तो?"

"नाय."

"मंग त्याला वर धाडला कशाला?" असं म्हणून तिनं पुढचा बोंबील उचलला.

उपग्रह जाण्याचा पहिला दिवस आला तेव्हा साहेबांनी धरणावर मोठी धावपळ केली. बांधावरची झुडपं तोडली, दगडांना चुना मारला, पाण्याची उंची वाचायची पट्टी रंगवून घेतली. चौकीदाराला कित्येक वर्षांत पहिल्यांदा गणवेश सापडला. साहेब स्वतः पांढरा शर्ट घालून बांधावर उभे राहिले आणि मधूनमधून वर बघत होते. शास्त्रज्ञांना हे कळलं तेव्हा त्यांनी संकोचून सांगितलं की चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा छत्तीस मीटरचा चौकोन. त्याहून लहान वस्तू त्यात ओळखू येत नाही. साहेबांनी नीट खात्री करून घेतली की माणूस दिसत नाही, जीप दिसत नाही, ऑफिसचं दारही दिसत नाही. त्यानंतर उपग्रह कधी जातो याची कोणी चौकशी केली नाही आणि चौकीदाराचा गणवेश परत हरवला.

हिवाळाभर मी त्या गोलांच्या कडा गिरवल्या. काम मला आवडलं होतं, हे सांगायला हरकत नाही. इतर नकाशे कोणाच्या तरी डोक्यातून उतरलेले असायचे. ही कड मात्र खरोखर त्या दिवशी तिथे होती. शास्त्रज्ञ महिन्यातून एकदा यायचे, भिंगातून माझी रेष तपासायचे आणि चुकली असेल तर का चुकली ते सांगायचे. काठावरचे ठिपके अर्धे पाणी आणि अर्धी जमीन असे असतात, तिथे विचार करूनच रेष न्यावी लागते, असं ते म्हणायचे. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला विचार करायला सांगणारा हा पहिलाच माणूस.

उन्हाळ्याच्या तोंडाशी हिशेब झाला. तक्त्याप्रमाणे धरणात जेवढं पाणी मावायला हवं होतं, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी जागा नाहीशी झाली होती. शास्त्रज्ञ हादरले. इतक्या लहान धरणात इतक्या कमी वर्षांत एवढा गाळ यायचा तर निम्मा डोंगर खाली यायला हवा होता, आणि डोंगर तर जागेवर होता. ते म्हणाले की प्रत्यक्ष जाऊन, खड्डे खणून बघितल्याशिवाय मी हा आकडा लिहिणार नाही. साहेब म्हणाले, "बघू." पण शास्त्रज्ञांना त्या शब्दाचा सरकारी अर्थ माहीत नव्हता. त्यांनी जायचा दिवस ठरवून टाकला.

धरणातलं पाणी मधल्या डबक्यापुरतं उरलं होतं. साहेब, शास्त्रज्ञ आणि मी असे जीपनं गेलो. खणायला जवळच्या पाड्यावरची माणसं बोलावली होती. त्यांच्यात एक चाळिशीची बाई होती. धरणाच्या खालच्या अंगाला तिचं पावसावरचं भाताचं आणि नागलीचं एवढंसं शेत होतं. पाऊस संपला की नवरा-बायको वीटभट्टीवर जायची. त्या वर्षी पायाला लागलं म्हणून ती मागे राहिली होती. तिची बोलायची पद्धत अशी, की आपण साहेबांशी बोलतो आहोत याचा तिच्यावर काही परिणाम होत नसे.

पहिला खड्डा घेतला. वीतभर काळी माती निघाली आणि त्याखाली कुदळ खणकन वाजली. तांबडा मुरूम. साहेब म्हणाले, पलीकडे खणा. पलीकडे वीतही लागली नाही. साहेब म्हणाले, ओढ्याच्या तोंडाशी बघा, गाळ तिथेच येतो. तिथे हातभर लागला, आणि त्याखाली पुन्हा मुरूम. दुपारपर्यंत आम्ही साऱ्या तळात गाळाच्या मागे फिरलो. गाळ आपला आमच्या पुढे पळत होता. उन्हानं जमीन तापली होती, खणणारे थकले होते. शेवटी त्या बाईनं कुदळ टेकवली आणि मला विचारलं, "बाय, तुमचं काय हरवलं हाय हितं?"

मी शास्त्रज्ञांकडे बघितलं. ते बांधाच्या दगडांवर बसून कोरड्या तळाकडे बघत होते.

"साहेब, इथे गाळ नाही," ते म्हणाले.

"चित्रात आहे ना?"

"चित्रात गाळ नसतो हो. चित्रात फरक असतो."

"मग फरक कुठे गेला?"

त्याचं उत्तर साहेबांनीच दिलं, जेवताना. मोहाच्या झाडाखाली आम्ही डबे उघडले होते. पोटात दोन घास गेल्यावर साहेबांना जुने दिवस आठवले. हे धरण बांधलं तेव्हा ते नव्यानं लागलेले ओव्हरसियर होते. जागेची पाहणी त्यांनीच केली होती. झुडपं डोक्याएवढी, मोजणीची पट्टी धरणाऱ्या माणसाला हिवताप, वरून लवकर करा म्हणून तगादा. अर्धी जागा मोजली आणि उरलेल्या रेषा चौकीत बसून अंदाजानं जोडल्या. जोडताना हात थोडा सैल पडला. त्याशिवाय बांधासाठीची माती धरणाच्या पोटातून काढायची असं ठरलं होतं, म्हणजे तेवढा खड्डा वाढला असता. पण पोटातली जमीन कडक निघाली, म्हणून माती बाहेरून आणली. तोपर्यंत तो खड्डा धरून तक्ता मंजूर झालेला. मंजूर तक्ता कोण बदलतो? शाळेत असताना मास्तरांची टोपी लपवली होती असं सांगावं, तशा चेहऱ्यानं त्यांनी हे सांगितलं आणि लोणच्याची फोड उचलली.

शास्त्रज्ञांचा घास हातातच राहिला. "म्हणजे हे धरण एवढं मोठं कधी नव्हतंच?"

"कागदावर होतं ना," साहेब म्हणाले.

येताना जीपमध्ये साहेब विचार करत होते, आणि पालघर येईपर्यंत त्यांचा चेहरा उजळला होता. आता मला ते स्वच्छ दिसतं. आदेश आला तेव्हा त्यांना भीती होती की वरचा डोळा त्यांची जुनी पाहणी उघडी पाडणार. पण वरच्या डोळ्याला फरक दिसला होता, आणि त्या फरकाला आदेशातच नाव देऊन ठेवलेलं होतं. दोष कोणावर तरी जाणार. पाहणीवर गेला तर साहेब अडकतात, तक्त्यावर गेला तर तो मंजूर करणारे अडकतात, आणि ते तर आता फार वरच्या खुर्च्यांवर बसले होते. गाळाला बढती नव्हती, पेन्शन नव्हतं आणि मंत्रालयात त्याचं ओळखीचं कोणी नव्हतं. शिवाय तो नव्हताच.

अहवालावरून दोघांचं दोन दिवस चाललं. शास्त्रज्ञांना 'जुन्या तक्त्यात आणि आताच्या मोजणीत फरक आहे' एवढंच लिहायचं होतं, आणि खड्ड्यांत काय मिळालं तेही. साहेब आवाज न चढवता म्हणाले की जरूर लिहा. फक्त मग धरणातल्या पाण्याच्या उंचीच्या नोंदींवर माझी सही लागते, ती मला करता येईल का ते बघावं लागेल. आणि सहीशिवाय तुमचे सगळे गोल म्हणजे नुसते गोल. शास्त्रज्ञांचं इतक्या महिन्यांचं काम त्या सहीत अडकलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले, भिंग उचललं, परत ठेवलं, आणि म्हणाले, "ताई, 'गाळामुळे घट' असं लिहा नकाशाच्या शीर्षकात." मग चहा न घेता ते निघून गेले.

मी साहेबांना विचारलं की नकाशात गाळ कुठे दाखवायचा. आम्ही खणलं तिथे तर तो नव्हता.

"मध्ये दाखवा, खोल भागात. तिथे कोणी उतरत नाही."

गाळासाठी बारीक ठिपके भरायची पद्धत असते. मी दोन दिवस ठिपके भरले. इतका देखणा नकाशा मी आधी कधी केला नव्हता आणि नंतरही केला नाही. वरच्या ऑफिसात त्याची तारीफ झाली. या नव्या विद्येचं शिक्षण घ्यायला आमच्या ऑफिसातून एका माणसाला पाठवा असं पत्र आलं, तेव्हा माझ्याऐवजी आमच्यातले सर्वांत जुने ड्राफ्ट्समन गेले, कारण ज्येष्ठता यादीत त्यांचं नाव वर होतं. ते महिनाभर राहून एक छान चामडी बॅग घेऊन परत आले आणि लाल म्हणजे नेमकं काय, असं मला विचारू लागले.

मग गाळ काढायचं फर्मान निघालं. एवढा गाळ आहे म्हटल्यावर तो काढायलाच हवा, आणि सुपीक गाळ डोंगरातल्या गरीब शेतकऱ्यांना त्यांच्या शेतात टाकायला फुकट द्यायचा. कल्पना इतकी चांगली होती की शुभारंभाला एक पुढारी यायचे ठरले. त्यांच्या हस्ते गाळाची पहिली पाटी शेतकऱ्याच्या डोक्यावर द्यायची होती. आदल्या दिवशी साहेबांच्या ध्यानात आलं की पाटी भरायला गाळ नाही. वीतभर काळी माती होती ती वाळून भेगाळली होती, आणि फोटोत गाळ ओला आणि काळा दिसायला हवा. ठेकेदारानं काळजी करू नका म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मांडवासमोर काळाभोर, लोण्यासारखा गाळ पाट्यांमध्ये भरून ठेवला होता. मी जवळ गेले आणि वासावरूनच ओळखलं. तो खाडीचा चिखल होता, माकुणसारच्या बाजूनं ट्रकात आणलेला. लहानपणी गुडघ्यापर्यंत ज्यात उभी राहिले तो वास मला डोंगरात भेटला. पुढाऱ्यांचं भाषण झालं. धरणाच्या पोटातलं सोनं उपग्रहानं शोधून काढलं, असं ते म्हणाले. मग खणायला आलेल्या त्याच बाईला पुढे बोलावलं, कारण बायका फोटोत चांगल्या दिसतात असं कोणीतरी सुचवलं होतं. पुढाऱ्यांनी पाटीला हात लावला आणि पाटीतला चिखल हलला. त्यातून आधी एक नांगी आली, मग दुसरी, आणि मग हिरवट काळी, चांगली तळहाताएवढी चिंबोरी काठावर चढून बसली.

पुढाऱ्यांनी हात मागे घेतला. डोंगरात एवढा मोठा खेकडा असतो का, असं त्यांनी विचारलं.

"गोड्या पाण्यातली जात आहे, साहेब," आमचे साहेब म्हणाले. "पाणी चांगलं असल्याचं लक्षण."

टाळ्या वाजल्या. शास्त्रज्ञ मागच्या खुर्चीत बसले होते. ते बुटांकडे बघत राहिले. कार्यक्रम संपल्यावर मी त्या बाईला बाजूला घेतलं आणि सांगितलं की हा चिखल खारा आहे, शेतात टाकू नकोस. ती म्हणाली की पाटी तिनं बांधामागे कधीच उपडी केली. मग तिनं पदराची गाठ मला दाखवली. गाठ हलत होती. चिंबोरी तिनं बरोबर मागून धरली होती आणि नांग्या वेलानं बांधून टाकल्या होत्या.

नंतर यंत्रं आली आणि गाळ काढायला लागली, म्हणजे मुरूम खणायला लागली. तिकडे बोईसर आणि तारापूरच्या बाजूला नवे कारखाने उठत होते आणि त्यांच्या प्लॉटांवर भर टाकायला मुरूम हवाच होता. गाळाचे ट्रक दिवसभर तिकडे धावायचे. चांगला कडक माल आहे, असं ट्रकवाले हिंदीत एकमेकांना सांगायचे. ठरल्याप्रमाणे शेतकऱ्यांचा वाटाही द्यायला हवा होता. पहिला ट्रक त्या बाईच्या शेताशी गेला. मी त्या दिवशी खोदाईच्या हद्दीच्या खुणा बघायला साहेबांबरोबर तिथे होते. तिनं मुरमाची मूठ उचलली, बोटांतून खाली सोडली आणि ट्रकपुढे उभी राहिली.

"ह्यो शेतात नको," ती म्हणाली. "ह्याच्यात भात काय उगवल?"

साहेब म्हणाले की हा गाळ आहे. सरकारी नोंद तशी आहे. शेतकरी गाळ नाकारू लागले तर वरून विचारणा होईल.

पाड्याकडे जाणारी वाट पावसात पोटरीभर चिखल व्हायची. आजारी माणूस झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत न्यावा लागे. त्या वाटेसाठी लोकांनी किती वेळा अर्ज केले होते, आणि रस्ता आमच्या खात्यात बसत नाही हे उत्तर मीच एकदा सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं. तिनं त्या वाटेकडे हात केला.

"मंग माझा गाळ थितं टाका. माझा वाटा हाय ना? आमी मागून शेतात नेऊ."

साहेबांना काय, ट्रक रिकामा झाल्याशी कारण. दुसऱ्या दिवशी पाड्यावरची आणखी माणसं गाळ मागायला आली, आणि मग रोज येऊ लागली. प्रत्येकाला आपला वाटा कुठे टाकायचा ते नेमकं ठाऊक होतं. जिथे आदल्याचा ढीग संपला, त्याच्या पुढे. गाळाला शेतकऱ्यांचा असा उत्साही प्रतिसाद जिल्ह्यात कुठे नाही, असं साहेबांनी वर कळवलं. पाऊस यायच्या आत पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत तांबडी, पक्की वाट तयार झाली. ढीग पसरून, धुम्मसनं ठोकून, कडेनं दगड लावून लोकांनी ती स्वतः बांधली, आणि शेतात कधी नेणार असं त्यांना कोणी विचारलं नाही.

त्या पावसात धरण तुडुंब भरलं. पोटातून इतका मुरूम गेल्यावर ते भरणारच. पुढच्या हिवाळ्यात नवी चित्रं आली, मी नवे गोल गिरवले, आणि धरण पहिल्यांदाच आपल्या तक्त्याएवढं निघालं. साहेबांनी चौकीत बसून जोडलेल्या रेषा एवढ्या वर्षांनी खऱ्या झाल्या होत्या. सगळा गाळ निघाला असा अहवाल गेला. शास्त्रज्ञांना त्यावर एका परिषदेत बोलायला बोलावलं. त्यांनी चांगलं भाषण केलं म्हणे, आणि प्रश्नांची वेळ आली तेव्हा त्यांचा घसा बसला.

ते शेवटचे आमच्याकडे आले तेव्हा नव्या चित्रावर त्यांना एक पुसट, उजळ रेघ दिसली. आधीच्या चित्रांत ती नव्हती. ठिपक्याहून अरुंद असली तरी लांब, उजळ वस्तू अशी रेघ होऊन उमटते, असं ते म्हणाले. धरणाच्या खालून निघून ती थेट डांबरी रस्त्याला मिळत होती. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी रस्ता आहे म्हणणार, तेवढ्यात साहेब म्हणाले, "तो कालवा."

धरणाला एक कालवा होता. मंजूर झालेला, नकाशात आखलेला, बांधून पुरा झाल्याची नोंदही असलेला. जमिनीवर कोणी तो पाहिला नव्हता. उपग्रहानं तो पाहिल्याचं ऐकून साहेबांना मोठा आधार वाटला.

"साहेब," मी म्हटलं, "त्याच्यावरून माणसं चालतात. मी पाहिलीत."

"उन्हाळ्यात सगळ्याच कालव्यांतून माणसं चालतात, बाई. रेघ आहे ना? निळ्या शाईनं घ्या."

शास्त्रज्ञांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. मग ते खिडकीबाहेर बघू लागले. मी निळ्या शाईची बाटली उघडली.

साहेब बढतीवर दुसऱ्या जिल्ह्यात गेले. मी नंतर एकदा, भर पावसाळ्यात, त्या पाड्यावर गेले. बसमधून उतरून चालत गेले आणि चप्पल कुठे रुतली नाही. त्या बाईनं मला ओटीवर बसवलं, कोरा चहा दिला. पाऊस पडत होता. बोलता बोलता तिनं विचारलं की वरून त्यांचा रस्ता दिसतो काय. मी म्हटलं, दिसतो.

"कसा दिसतो?"

"आमच्या नकाशात तो निळा आहे. पाण्याचा कालवा म्हणून."

ती मोठ्यानं हसली. हसून झाल्यावर समोरच्या शेताकडे बघत म्हणाली, "मंग पानी कवा सोडनार त्याच्यात?"

माझी नोकरी संपेपर्यंत तरी ते सुटलं नाही. पाड्यावरची माणसं दर दिवाळीला आपला रस्ता दुरुस्त करतात, आणि ऑफिसात दर वर्षी शेरा पडायचा की कालवा सुस्थितीत आहे. तो शेरा, नीट बघितलं तर, खोटा नव्हता.